जचकीच्या आधीचं आणि नंतरचं रक्त

भंडारा जिल्ह्यात लग्न ठरतं तेव्हा पत्रिका बघतात, धानाची शेती किती ते बघतात, आणि मुलगा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरीला असला तर बाकीचं फारसं बघतही नाहीत. दोघांच्या सिकलसेल तपासणीचा कागद मात्र बैठकीत क्वचितच निघतो, आणि होणाऱ्या मुलांचं आयुष्य त्याच कागदावर अवलंबून असतं. गरोदरपणाची तयारी कुठून सुरू करायची असं या जिल्ह्यातल्या कोणी विचारलं, तर मी इथूनच म्हणेन. योगासनं, गर्भसंस्काराची पुस्तकं, डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हे सगळं त्यानंतर. शेतात राबलेल्या बायकांचे हातपाय इथे मजबूत असतात, कमी पडतं ते रक्त. दिवस राहण्यापासून बाळंतपणानंतरचा सव्वा महिना उलटेपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याशी त्याचा संबंध येतो, म्हणून तोच धागा धरून क्रमाने जाऊ.

तांबडी पेशी एरवी गोल आणि लवचीक असते. केसाहून बारीक वाहिनीतूनही ती वाकून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच वेगळी असते, त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी वाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. म्हणून अंगात रक्त कायम कमी, आणि हाडांत, पोटात, छातीत अचानक उठणाऱ्या असह्य वेदना. या गुणाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही प्रती सदोष असल्या तर माणूस 'ग्रस्त', एकच असली तर 'वाहक'. वाहकाला सहसा काहीही होत नाही. तो नांगर धरतो, रोवणी करतो, कबड्डी खेळतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकच नसतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर मूल ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण सुटण्याची चारात एक. हा डाव दर खेपेला नव्याने मांडला जातो. पहिलं मूल ग्रस्त निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

पूर्व विदर्भात हा गुण इतका का, याचं उत्तर इथल्या जंगलात आणि डासांत आहे. वाहकाला जीवघेणा मलेरिया सहजी मारत नाही, त्यामुळे मलेरियाच्या मुलखात पिढ्यानपिढ्या वाहक तगत गेले. आदिवासी आणि अनुसूचित जातींत प्रमाण जास्त आहे, पण इतर मागासवर्गीयांतही तो सापडतो. तेव्हा 'आमच्यात नाही' असं म्हणण्याची सोय कोणालाच नाही. प्राथमिक तपासणी, म्हणजे सोल्युबिलिटी, रक्ताच्या थेंबावर गावपातळीवर होते. ती सकारात्मक आली की ग्रस्त की वाहक हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाच्या पुढच्या तपासणीत कळतं. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे, त्यामुळे तपासणीसाठी पैसे मोडायची गरज नाही. दोघं वाहक निघाले म्हणजे लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. पण मग गरोदरपण कळताच, पहिल्या तीन महिन्यांत, मोठ्या रुग्णालयात जाऊन गर्भाच्या तपासणीविषयी विचारायचं असतं, आणि बाळ जन्मल्यावर त्याची तपासणी वेळेत करायची असते. नवजात बाळाच्या अंगात गर्भातलं वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते पहिले काही महिने आजार झाकून ठेवतं. वरून गुटगुटीत दिसणारं बाळ सहा महिन्यांच्या आसपास हातापायांना सूज येऊन रडायला लागतं, तेव्हा घरच्यांना कळतं.

बाई स्वतः ग्रस्त असली तर तिचं गरोदरपण जोखमीचं धरायचं. फॉलिक अॅसिड जास्त मात्रेत लागतं, आजाराची चालू औषधं डॉक्टरांना दाखवून बदलावी लागतात, आणि लोहाच्या गोळ्या शरीरातला लोहाचा साठा तपासूनच द्यायच्या असतात. वाहक बाईला मात्र चारचौघींसारखंच लोह लागतं. हा फरक गावात बऱ्याचदा गोंधळतो आणि वाहक बायका उगाच गोळ्या बंद करून बसतात.

आता दिवस राहण्याआधीचे तीन महिने. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास मिटून पूर्ण होते. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात तोवर हे काम उरकलेलं असतं. नळी नीट मिटायला फॉलिक अॅसिड लागतं, म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून हवी. गरोदर असल्याचं कळल्यावर सुरू केली तर या एका कामासाठी बहुधा उशीर झालेला असतो. याच काळात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि जंताची गोळी घेऊन टाकावी. जंताचा आणि बाळंतपणाचा काय संबंध? अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या, मैला पडलेल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. धानाच्या बांधीत चिखलात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या बाईला त्या सहज गाठतात. मग आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने रक्त पितात. पहिल्या तीन महिन्यांत जंताची गोळी देत नाहीत, चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. आधीच घेतलेली असली तर उत्तम.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ विदर्भात पुरुषांबरोबरच बायकांच्याही गालात असतो, आणि घरातली मंडळी त्याला व्यसनात धरत नाहीत. तंबाखूतलं निकोटिन वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं, बाळाला रक्त कमी पोचतं आणि ते कमी वजनाचं जन्मतं. बिडी ओढणाऱ्या नवऱ्याचा धूरही त्यात भर घालतो. ज्या घरात गरोदर बाईला पपई खाऊ देत नाहीत पण खर्रा चालवून घेतात, त्या घरात नियम उलटे लावलेत. पिकलेली पपई चालते, कच्च्या पपईचा चीक टाळावा, आणि खर्रा मुळीच नको.

दिवस राहिल्यावर शरीर पहिलं मोठं काम करतं ते रक्त वाढवण्याचं. नऊ महिन्यांत सव्वा ते दीड लिटर रक्त वाढतं. त्यात पाणीदार भाग जवळपास निम्म्याने वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. म्हणून धडधाकट बाईचंही हिमोग्लोबिन मधल्या महिन्यांत थोडं उतरतं. हे स्वाभाविक आहे आणि रक्त पातळ झाल्याने ते वारेतून सहज खेळतं. पण ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय, आणि ७ च्या खाली गेलं तर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत रक्तक्षय निघाला. ज्या बाईची सुरुवातच ९ वर होते तिला उतरायला जागाच उरत नाही.

किती लोह लागतं ते बघू. एका गरोदरपणाची एकूण गरज सुमारे १००० मिलिग्रॅम. त्यातलं ३०० बाळ आणि वार घेतात, ५०० आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींत जातं, बाकीचं रोजच्या झिजेत. बाळाचं बहुतेक लोह शेवटच्या तीन महिन्यांत ओढलं जातं, आणि बाळ आईची वाट बघत नाही, तिच्याकडे कमी असलं तरी घेतच राहतं. भात-वरणाच्या ताटातून ही गरज भागत नाही, कितीही चांगलं ताट असलं तरी. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, किमान १८० दिवस. रक्तक्षय असेल तर दोन. महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळ्या पोटात जातायत का, की डब्यात साठतायत, हे आधी विचारावं. जात असूनही वाढत नसेल तर सिकलसेल किंवा दुसरं कारण शोधावं, शिरेतून लोह द्यावं.

गोळ्या डब्यात का साठतात हे आशाताईंना चांगलं माहीत असतं. पहिलं कारण मळमळ, दुसरं काळी शौच बघून वाटणारी भीती, तिसरं सासूबाईंचा समज की गोळीने बाळ काळं होतं किंवा फार मोठं होतं. काळी शौच म्हणजे न शोषलेलं लोह, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ कमी करायची तर गोळी रात्री झोपताना घ्यावी. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घेतली तर लोह जास्त शोषलं जातं, चहासोबत घेतली तर बरंचसं वाया जातं, आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत कधीच घेऊ नये, दोघींत किमान दोन तासांचं अंतर हवं. बाळाच्या रंगाचा लोहाशी संबंध नाही, तसाच तो केशराशीही नाही.

गोळीच्या जोडीला खाणं हवंच, आणि त्यासाठी नागपुरातून काही आणायची गरज नाही. परसातल्या मुनग्याचा पाला, अंबाडी, पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा, जवसाची चटणी, हरभरा, तूर. भंडाऱ्याची खरी ताकद मात्र तलावांत आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यांतले मासे म्हणजे उत्तम प्रथिनं आणि सहज शोषलं जाणारं लोह. लहान मासे काट्यांसकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. हिरव्या पाल्यातलं लोह थोडंच शोषलं जातं, पण त्याच जेवणात मासा किंवा लिंबू असलं तर ते प्रमाण वाढतं. लाखोळीची डाळ इथली रोजची आहे. ती अधूनमधून, भिजवून, पाणी काढून टाकून खायला हरकत नाही, पण गरिबीत तिच्यावरच महिनोनमहिने निभावू नये, कारण जास्त खाल्लेली लाखोळी पायांतली ताकद घालवू शकते. पोटभर जेवलं तर बाळ मोठं होऊन अडेल, म्हणून शेवटच्या महिन्यांत बाईला कमी वाढण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती बंद व्हायला हवी. उपाशी आईचं बाळ लहान होतं ते खरं, पण अशक्त होतं म्हणून लहान होतं.

आषाढात रोवणी येते तेव्हा मजूर मिळत नाहीत आणि सहावा-सातवा महिना असलेली बाईही बांधीत उतरते. ती उतरू नये असं लिहिणं सोपं आहे, मजुरी कोण देणार हा प्रश्न उरतो. तेव्हा थोडं तारतम्य. चालणं, घरकाम, उकिडवं बसून करायची हलकी कामं अंगाला फायद्याची असतात. उकिडवं बसल्याने ओटीपोटाची खालची मोकळीक वाढते, मांड्यांत जोर येतो, आणि शहरातल्या बाईला जे वर्गात जाऊन शिकावं लागतं ते इथे चुलीजवळ आपोआप होतं. घातक असतं ते तासन्‌तास कमरेत वाकून राहणं, उन्हात पाण्यावाचून काम करणं, डोक्यावर भारे वाहणं आणि फवारणी चालू असलेल्या शेतात जाणं. सातव्या महिन्यानंतर रोवणी, कापणी, मळणी बंदच. दुपारी दोन तास कुशीवर आडवं व्हायचं, शक्यतो डाव्या, म्हणजे गर्भपिशवीचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही आणि बाळाकडे रक्त नीट जातं. पहिलटकरणीने शेवटच्या महिन्याभरात स्वच्छ हातांनी, तेल लावून योनिमार्गाच्या खालच्या भागाला हलका मसाज केला तर फाटण्याची शक्यता थोडी घटते. हे तिला सांगायला नर्सबाई लाजतात, त्यांनी लाजू नये.

तपासण्यांचं थोडक्यात. पहिली नोंदणी बारा आठवड्यांच्या आत, नंतर किमान तीन भेटी. प्रत्येक वेळी रक्तदाब, वजन, लघवी, हिमोग्लोबिन. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टर तपासतात, ही सोय २०१६ पासून आहे. रक्तदाब १४०/९० किंवा वर, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात, दुसरं मूल मुलगी असलं तर ६०००. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींतल्या ग्रामीण बाईला सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षेचे ७०० रुपये वेगळे. कागद आधी जमवून ठेवावेत, कडेवर बाळ घेऊन झेरॉक्सच्या दुकानात उभं राहणं कठीण जातं.

जचकी कुठे करायची? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. जिल्हा ते विसरलेला नाही, विसरूही नये. पण त्यावरून घरची खाट बरी असा निष्कर्ष काढणं चूक आहे. बाळंतपणात जी गोष्ट बाईला तासाभरात मारू शकते ती म्हणजे रक्तस्राव, आणि त्यावरचं इंजेक्शन, सलाईन आणि रक्ताची बाटली घरात नसते. सगळं सुरळीत असलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्र पुरतं. सिकलसेल ग्रस्त, हिमोग्लोबिन ७ च्या आसपास, आधीचं सिझेरियन, जुळं, वाढलेला रक्तदाब असं काही असेल तर आठव्या महिन्यातच मोठं रुग्णालय ठरवून टाकावं. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, पण लाखांदूर-पवनीच्या आतल्या गावातून रात्री निघालेल्या गाडीला ते फार लांब पडतं. १०८ आणि १०२ हे दोन नंबर घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये हवेत, फक्त नवऱ्याच्या नव्हे.

आता प्रत्यक्ष कळा. शेवटच्या आठवड्यांत पोट मधूनमधून कडक होतं, ते सरावाचं. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर घटत जातं, जोर वाढत जातो, आणि चालल्याने त्या थांबत नाहीत. पिशवीचं तोंड आधी मऊ होतं, मग पातळ होतं, मग उघडू लागतं. पहिल्या पाच सेंटिमीटरपर्यंतची वाट लांब आणि अनिश्चित असते, पहिलटकरणीला एखादा दिवसही लागतो. या वेळात घरी राहावं, चालावं, पेज-सरबत घ्यावं, मधूनमधून झोपावं. गाडीची सोय आधीच झालेली असली आणि बाई जोखमीची नसली, तरच ही मुभा. पाणमोट फुटली किंवा रक्त दिसलं तर लगेच निघावं. पाच सेंटिमीटरनंतर वेग येतो आणि पूर्ण दहा सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ पहिलटकरणीत सहसा बारा तासांच्या आत संपतो. मग बाळ खाली ढकलण्याचा टप्पा, त्याला तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

हे सगळं ज्या संप्रेरकावर चालतं ते ऑक्सिटोसिन. भीती वाटली की अंगात अॅड्रेनालिन सुटतं आणि कळा मंदावतात, स्नायू आवळतात, दुखणं वाढतं. इंग्लंडमधल्या ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरने १९३३ साली नैसर्गिक बाळंतपणावर पुस्तक लिहिलं त्याचा गाभा हाच होता: भीतीने ताण, ताणाने वेदना, वेदनेने पुन्हा भीती. आपल्याकडे हे सुईणींना पुस्तकाशिवाय माहीत होतं. त्यांनी नाळ कापताना जंतू पोचवले हे खरं, पण त्या बाईजवळून हलल्या नाहीत हेही खरं. दवाखान्यात गेल्यावर नेमकी जवळची बाई हरवते. कळा देणाऱ्या बाईसोबत सतत कोणी असलं तर बाळंतपण थोडं लवकर आटोपतं आणि सिझेरियनही कमी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. सरकारी रुग्णालयांत सोबत एक बाई ठेवायची मुभा केंद्र सरकारने २०१६ पासून दिली आहे. ती मागून घ्यावी. आई, नणंद, मोठी जाऊ, कोणीही चालेल, फक्त 'ओरडू नको' म्हणणारी नको.

आडवं पाठीवर पडून राहिल्याने बाळाला वर चढून यावं लागतं. उभं राहणं, खाटेला धरून पुढे झुकणं, उकिडवं बसणं, कुशीवर वळणं हे सोयीचं. तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर लावायचा नाही, श्वास सोडत राहायचं. कोणी वरून पोट दाबायला लागलं तर थांबवावं. आणि गावात येऊन 'कळा वाढवायचं' इंजेक्शन टोचणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. घरी, मोजमापाशिवाय दिलेल्या ऑक्सिटोसिनने पिशवी फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकतं. तेच औषध बाळ बाहेर आल्यावर, एका मिनिटाच्या आत, मांडीत १० युनिट दिलं की पिशवी आवळते, वार सुटते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. तेव्हा ते नाकारू नये.

बाळ बाहेर आलं की आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळात उतरतं आणि त्यातल्या लोहावर त्याचे पुढचे कित्येक महिने निघतात. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, त्यामुळे ही शिदोरी मोलाची. तोवर बाळ पुसून, आईच्या उघड्या छातीवर, कपड्याखाली. तासाभरात चीक पाजायचा. पिवळट, घट्ट चीक पिळून फेकून देणं आणि मध चाटवणं दोन्ही चुकीचं. बाळ ओढायला लागलं की आईच्या अंगात पुन्हा ऑक्सिटोसिन सुटतं, पोटात कळ येते आणि पिशवी आणखी आवळते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त लागतात.

रक्त किती गेलं याकडे लक्ष हवं. अर्ध्या लिटरपर्यंतचं धडधाकट बाई सोसते, पण त्यात २०० मिलिग्रॅमच्या वर लोह जातं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच ८ आहे तिला तेवढ्यानेही घेरी येते. म्हणून दवाखान्यातून दोन दिवसांच्या आत घरी जायची घाई करू नये. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला, गाठी पडल्या, ताप आला, घाण वास आला, एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा डोकं दुखून अंधारी आली तर ती बाळंतिणीची साधी तक्रार समजू नये. रक्तदाबाचा झटका बाळंतपणानंतरही काही आठवडे येऊ शकतो.

मग सव्वा महिना. ही रीत मला फार शहाणी वाटते. बाळंत झाल्याबरोबर सुमारे एक किलोची असलेली पिशवी दहा-बारा दिवसांत ओटीपोटात उतरते आणि सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आसपास येते. अंगावरून जाणं आधी लाल, मग तपकिरी, मग पांढुरकं होत थांबतं. शरीराचा हा वेळ आणि आजीचा सव्वा महिना जवळजवळ एकच आहे. रीत चुकते ती तपशिलात. काही घरांत पहिले दिवस फक्त पातळ पेज देतात आणि पाणी तोडतात, पोट सुटेल म्हणून. दूध पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि तहानही जास्त लागते. डिंक, अळीव, जवस, खोबरं, गूळ घातलेले लाडू याच कामाचे आहेत, अळिवात लोहही चांगलं असतं. पण लाडवावर डाळ, अंडी, मासे तोडू नयेत. बाजेखाली शेगडी ठेवून बंद खोलीत शेक देणं धोक्याचं आहे, कोळशाचा विषारी वायू वास न देता माणसाला बेशुद्ध करतो. खोली उबदार हवी तर खिडकीची फट उघडी ठेवावी आणि बाळाला धुरी देऊ नये. लोहाची गोळी बाळंत झाल्यावरही १८० दिवस चालू ठेवायची असते, आणि नेमकी हीच सर्वात जास्त विसरली जाते. बाळ झालं, बाई मोकळी झाली, असं घरच्यांना वाटतं.

या काळात आशाताई घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींचं मूळ शेजारीच, गडचिरोलीत आहे. 'सर्च' संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि नंतर तीच पद्धत देशभर गेली. तेव्हा आशाताई वजनकाटा घेऊन आली की 'बाळ झोपलंय' म्हणून दारातून परत पाठवू नये. ती आईलाही विचारेल: जेवलीस का, झोप होते का, रडू येतं का. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींचं ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटलं नाही, जीव नकोसा झाला, तर त्यावर उपचार आहेत. बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवण्यात वेळ जाऊ देऊ नये.

बाळंतपणानंतर सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू. बाळ बाहेर येताना ते ताणलेले असतात. लघवी अडवल्यासारखं आवळायचं, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, असं दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा वेळा, दुखणं ओसरल्यावर लगेच सुरू करता येतं. हे न करता सव्वा महिन्यातच पाण्याच्या घागरी आणि धानाचे भारे उचलायला लागलेल्या बायकांचं पुढे चाळिशीत अंग बाहेर येऊ शकतं, आणि त्या ते वर्षानुवर्षं कोणाला सांगत नाहीत. तीन महिने तरी जड ओझं नको. पट्टा बांधून पोट आत जात नाही, कमरेला थोडा आधार मिळतो इतकंच.

बाळ झाल्यानंतर पुन्हा दिवस राहण्यात किमान दोन वर्षांचं अंतर ठेवायला जागतिक आरोग्य संघटना सांगते. गेलेलं रक्त आणि संपलेला लोहाचा साठा भरून निघायला तेवढा वेळ लागतोच. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, यावर सहा महिन्यांनंतर मुळीच विसंबू नये, आणि बाळाला वरचं दूध सुरू असेल तर त्याआधीही नाही. दूध पाजणाऱ्या बाईला 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर चालतं. तांबी तर बाळंत झाल्यावर ४८ तासांच्या आत तिथेच बसवता येते. ती हवी की नको हे आठव्या महिन्यातच नवऱ्याशी बोलून ठरवावं आणि कार्डावर लिहून घ्यावं, कारण कळा चालू असताना विचारलं तर बाई कशालाही हो म्हणेल.